सूर्याच्या चालीने

धक्क्याच्या उतारावर आठ वस्तू होत्या. दोन माणसांची एक कयाक, दोन वल्ही, दोन लाइफ जॅकेटं, एक दोरी, चहाचा थर्मास आणि जवाच्या जाड भाकऱ्यांचा, बॅनकचा, डबा. नववी वस्तू, घड्याळ, सँडरच्या मुठीत होती. खेकड्यांच्या रिकाम्या पिंजऱ्यावर बसून तो आपल्या बहिणीला रबरी पोशाखात बघत होता आणि मघापासून हसत होता.

"सील समजून कुणी गोळी घालेल तुला, इसा."

"आधी तुला घालतील. खडकावर तू जास्त वेळ बसतोस."

समोरच्या छोट्या बेटाला सगळे 'वासरू' म्हणत. त्यावर आता मेंढ्या आणि एकच घर होतं. इसा त्या घरात जन्मली होती आणि तीन वर्षांची असताना या काठावर आणली गेली होती. परत कधी गेली नव्हती. तिथला धक्का लाटांनी नेला, आणि खडकांमधून एखादी कयाक जेमतेम शिरेल एवढीच वाट उरली. सँडरची मोटरबोट तिथे लागत नसे.

इसाच्या मुलीने, थोराने, सगळा बेत आईला पुन्हा सांगितला. शनिवारी भांगाची भरती, म्हणजे ओढ सगळ्यात कमी. भरती पूर्ण झाली की सामुद्रधुनीतलं पाणी वीस मिनिटं थांबतं. पलीकडे पोचायला पंधरा लागतात. उरली पाच. मध्येच कयाक उलटली तर परत आत बसायला तेवढीच पाच मिनिटं. नंतर पाणी वाहू लागेल आणि दोघींना खुल्या समुद्राकडे नेईल. पुढच्या भांगापर्यंत सीलमाद्या पिल्लं घालायला वासरूवर आलेल्या असतील, मग तिथे उतरता येत नाही. मग हिवाळा. आणि हिवाळ्यात थोरा नोकरीसाठी नॉर्वेला जाणार होती.

"आज पाच मिनिटांत जमलं तर शनिवारी जायचं," ती म्हणाली. "नाही जमलं तर नाही. कबूल?"

"कबूल," इसा म्हणाली. "इथून घराची पाठच दिसते गं. मला एकदा दार बघायचंय."

दोघी कयाकमध्ये बसल्या. इसा पुढे, थोरा मागे. बंदरातलं पाणी स्वच्छ आणि सपाट होतं. थोराने तीन आकडे मोजले, दोघी उजवीकडे कलल्या आणि कयाक उलटली.

इसा वर आली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. साठ वर्षं समुद्राच्या काठावर काढली होती, पण आत ती कधी पडली नव्हती. या गावात कुणीच पडत नसे. दोघींनी मिळून कयाक सरळ केली. आता थोराने एका बाजूने ती धरून ठेवायची आणि इसाने पलीकडे जाऊन चढायचं, असं ठरलं होतं. इसा कयाकच्या नाकाजवळच होती. नाकाला वळसा घातला की झालं. पण ती उलट दिशेला निघाली. कयाकला धरत धरत, थोराच्या पाठीमागून, शेपटाला वळसा घालून ती पलीकडे पोचली. तोवर तिची बोटं वळेनाशी झाली होती. तीनदा घसरली, चौथ्यांदा चढली. मागोमाग थोराही चढली.

"सात मिनिटं दहा," सँडर धक्क्यावरून म्हणाला. तो हसत नव्हता.

दोघी उतारावर आल्या. थोराने थर्मास उघडून कप आईच्या दोन्ही हातांत धरवला आणि तिची थरथर कमी होईपर्यंत थांबली.

"आई, पुढून चार हात होतं. तू मागून का गेलीस?"

"पुढून म्हणजे सूर्याच्या उलट," इसा म्हणाली. "होडीभोवती उलटं कोण जातं?"

थोराने मामाकडे बघितलं.

"बरोबर गेली ती," सँडर म्हणाला. "आमचा बाप बंदरातून निघताना होडी आधी सूर्याच्या चालीने, घड्याळाच्या काट्यांसारखी, वळवायचा. वारा कुठूनही असो."

"आणि त्याने काय झालं?"

"काय होणार? अंथरुणात मेला."

 थोराने ओल्या बोटाने दगडावर कयाक काढली, दोन ठिपके दिले, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. ठिपक्यांभोवती एक बाण काढला, दुसरा काढला, पहिला पुसला.

"उजवीकडे पडलो तर तू हलायचंच नाही," ती म्हणाली. "मी मागे असते. मी शेपटाकडून पलीकडे जाऊन धरते. तू आहेस तिथूनच चढ."

"आणि डावीकडे पडलो तर?"

"तर तू पुढून जा. डावीकडून पुढून म्हणजे सरळच."

इसाने हवेत बोट फिरवून दोन्ही वळसे तपासले. मग दगडावरचा बाण पुन्हा पाहिला.

"म्हणजे तूही सरळच जाणार."

"मला तेच जवळ पडतं," थोरा म्हणाली.

कप रिकामा झाला. इसाने एक बॅनक अर्धी खाल्ली, उरलेली भावाच्या गुडघ्यावर ठेवली आणि उठली. सँडरने घड्याळाचा काटा शून्यावर आणला.

या वेळी थोराने आकडे मोजले नाहीत. बंदराच्या मध्यावर तिने एकदम अंग उजवीकडे टाकलं. कयाक उलटली, दोन डोकी वर आली, कयाक सरळ झाली. इसा जागच्या जागी राहिली. थोरा शेपटाला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिने दोन्ही हातांनी काठ दाबून धरला. इसाचा एक पाय वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. मग ती पालथी कयाकवर आडवी झाली, हळूहळू वळली आणि बसली. मागोमाग थोराही चढून आपल्या जागी बसली. इसाने वल्हं उचललं आणि समोर, घराच्या पाठीकडे बघितलं.

सँडरने कळ दाबली. चार मिनिटं चाळीस सेकंद.