पाहुणे आले की

मूल दत्तक घ्यायला पाहुणे यायचे असले, की बालगृहाच्या ताई व्हीलचेअरवरच्या चिमणीला मागच्या शिवणाच्या खोलीत नेऊन बसवत. "आवाज करू नकोस हं बाळा," एवढंच सांगत. पाहुण्यांची नजर आधी तिच्या पायांवर जाते आणि मग पटकन दुसरीकडे वळते, ते त्या पोरीने कशाला बघायचं? आपण तिला जपतोच आहोत, अशी ताईंनी मनाची समजूत घातली होती.

आजच्या जोडप्याने चहालाही हात लावला नाही. नवरा चाचरत म्हणाला, "चालता न येणारं एखादं मूल आहे का तुमच्याकडे?"

"छे हो, आमची सगळी मुलं अगदी धडधाकट आहेत," ताई सवयीने बोलून गेल्या.

बायकोचा चेहरा पडला. "आमची थोरली व्हीलचेअरवर असते. घरातले उंबरे काढलेत, दारं रुंद करून घेतलीत. माझ्यासारखी बहीण आणा, म्हणून मागे लागलीये."

आपण खोटं बोललो हे आता कोणत्या तोंडाने सांगायचं? "थांबा, जाऊ नका," एवढंच कसंबसं म्हणून ताई मागच्या खोलीकडे धावल्या. दार ढकलून त्यांनी मोठ्याने हाक मारली, "चिमणे, चल लवकर, तुला भेटायला आलेत."

चिमणीने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना ताई. पाहुणे अजून गेले नाहीत."