भरल्या पोटाचा सिंह

सरदारने मांडीचा तो तुकडा तीनदा तोंडात धरला आणि तिन्ही वेळा तो खाली पडला.

"अरे, खा की! यांच्या हातचं मुकाट्याने खातोस, मग माझ्याच हातचं का कडू लागतंय?" गजांबाहेरून मावशी दबक्या आवाजात ओरडली. सिंहाच्या इतक्या जवळ ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. पण इलाज नव्हता. आज संध्याकाळच्या खेळात तिची एकोणीस वर्षांची लेक, सगळ्या सर्कशीची चिमणी, पहिल्यांदा या पिंजऱ्यात शिरणार होती आणि सरदारच्या जबड्यात डोकं ठेवणार होती. भरल्या पोटी सिंह कशाला कोणाला खाईल, असं मावशीचं साधं गणित. म्हणून तिने खाटकाकडून मांडीचा हाडासकट मोठा तुकडा आणला आणि दुपारी सगळे आडवे झालेले बघून इथे आली.

मावशी सर्कशीचे कपडे शिवायची. सिंहाचा मास्तर तिचा नवरा. गेली बारा वर्षं मास्तर रोज जबड्यात डोकं घालत होता आणि मावशी रिंगणाच्या पडद्याशी उभी राहून डोळे गच्च मिटून घेत होती. टाळ्या वाजल्या की उघडायचे. म्हणजे नवऱ्याचा तो गाजलेला खेळ तिने एकदाही पाहिला नव्हता! यावरून विदूषकापासून विजेच्या माणसापर्यंत सगळे तिची टर उडवायचे. उडवू देत. आत जाणारा नवरा तिचा होता, त्यांचा नव्हे. आता लेकही जाणार म्हटल्यावर तिने चार दिवस अबोला धरला, रडून पाहिलं, आणि शेवटी लेकीच्या लाल कोटाच्या कॉलरमध्ये, कोणाला न सांगता, चामड्याचे दोन थर घालून शिवले. आईने आणखी काय करायचं?

सरदारने चौथ्यांदा तुकडा उचलला. तो चावत नव्हताच, नुसता चोखत होता. मांस पुन्हा निसटलं. मग भुकेने की वैतागाने कोण जाणे, त्याने मान वर करून भलामोठा आ वासला.

या वेळी मावशी डोळे मिटायला विसरली.

आत दात नव्हते. वर-खाली नुसत्या हिरड्या, गाठीगाठींच्या, आणि मागे डाव्या बाजूला मुळाशी मोडलेला एक काळा खुंट. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात. या बिचाऱ्याला दोन्ही ठेवले नव्हते. तिने पंजे पाहिले. नखांच्या जागी खड्डे होते.

"हाड कोणी दिलं त्याला?" मागून मास्तरचा आवाज आला. "घशात अडकलं म्हणजे? संध्याकाळचा खेळ बोंबलेल! त्याला खिमा लागतो."

"अहो, याचे दात..."

मास्तर हसला. "कळलं का शेवटी? बरं झालं. आता चिमणीची काळजी मिटली तुझी."

"कोणी काढले?"

"मीच. लहान होता तेव्हा. चौघांनी दोरांनी आवळून धरला होता."

"भूल देऊन?"

"भूल द्यायला डॉक्टर लागतो. डॉक्टर आला की चार प्रश्न विचारतो."

कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखे मावशीचे कान वाजत होते. "बारा वर्षं! बारा वर्षं मी जीव मुठीत धरून उभी राहिले तिथे. मला का नाही सांगितलंत?"

"म्हणूनच नाही सांगितलं," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाला. "लोक काही दात मोजत नाहीत. ते पडद्याशी उभ्या असलेल्या मास्तरच्या बायकोकडे बघतात. तू डोळे मिटलेस की अख्खा तंबू श्वास रोखतो. खरं कळल्यावर जमलं असतं तुला?"

म्हणजे तिकडे ते सरदारला रिंगणात उभं करत होते, आणि इकडे तिला. तिला नवऱ्याचा संताप आला, स्वतःची किळस आली. आणि त्याखाली, लाज वाटावी अशी, सुटकाही वाटली. लेकीच्या जिवाला धोका नव्हता. पण सुटका फार वेळ टिकली नाही. सरदार खाली वाकून पुन्हा तो तुकडा चाटू लागला होता, आणि असल्या जनावराच्या तोंडात डोकं ठेवून आपली पोर टाळ्या घेणार, हे तिला बघवेना.

तेवढ्यात चिमणीच आली. लाल कोट घालून दाखवायला आली होती. मावशीने धावत जाऊन तिचे खांदे धरले.

"तू आत जायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला. अगं, या मुक्या जीवाचे काय हाल केलेत यांनी! तुला काही ठाऊक नाही, बाळा..."

चिमणीने पिंजऱ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग नव्या कोटाच्या बाहीने तिने आईचे डोळे पुसले. फार मायेने पुसले.

"एवढंच ना? वेडी आहेस का, उगाच रडतेस! नवा बछडा आलाय ना, त्याचे सगळे दात आज सकाळी मीच काढले. बाबांनी नुसता दोर धरला होता." आणि तिने दोन्ही हात आईसमोर धरून उलटसुलट करून दाखवले. "बघ, मला एक ओरखडासुद्धा आला नाही."