लाल ठिपका

वादळाला नऊ दिवस झाले तरी एल्व्हिनचा पत्ता नव्हता. शेवटी त्याची बायको व्हर्ना लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत कोरीनसमोर येऊन बसली. चक्रीवादळाने कुठला गाळ कुठे नेला, हे कोरीन संगणकावर मांडायची.

"त्याची होडी उलटली तिथून तो कुठे गेला असेल, तेवढं सांग, पोरी."

कोरीनने त्या जागी एक लाल ठिपका सोडला. पडद्यावरचा सगळा गाळ ओहोटीबरोबर समुद्रात ओढला गेला. ठिपका मात्र वळला आणि प्रवाहाविरुद्ध कालव्यात शिरला. तिने तेच गणित तीनदा चालवून पाहिलं. तिन्ही वेळा तो व्हर्नाच्या घरामागच्या धक्क्याला येऊन थांबला.

"मावशी, काहीतरी चुकतंय. पण हे म्हणतंय, तो घरी येतोय."

व्हर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. "कधी?"

"आज. चारला."

"अडव त्याला."

"अहो, हा नुसता ठिपका आहे."

"अडव म्हणते ना."

तिच्या समाधानासाठी कोरीनने नकाशात कालव्याच्या तोंडाशी बांध घातला आणि पुन्हा चालवलं. ठिपका बांधापाशी आला, बराच वेळ तिथेच घुटमळला. मग तो दुसऱ्या कालव्याला लागला आणि प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांशी येऊन थांबला. वेळ तीच होती.

चारला दहा मिनिटं कमी होती. व्हर्नाने शांतपणे पर्स उचलली.

"माझं घर चुकवलंस, उपकार झाले," ती म्हणाली, आणि जाताना दाराला बाहेरून कडी घालून गेली.