दुसरा डबा

“दुसरा डबा बसल्याशिवाय मला त्या खोलीत निजवायचं नाही. आधीच सांगून ठेवतो.”

हे तिच्या नवऱ्याचं बोलणं. त्याला जाऊन नऊ दिवस झाले, तरी ती खोलीचं दार लोटायची आणि तेच तिच्या कानावर यायचं. सगळी हयात त्याने पंपघरात फोरमन म्हणून काढली होती. एका पंपामागे दुसरा तयार असल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. हातापायातलं बळ गेलं, त्याने अंथरूण धरलं, तेव्हा मुलाने सगळी खोली एका कंट्रोलरवर टाकली. पडदे, एसी, पलंगाची उशाकडची बाजू, हाक मारायची घंटा, सगळं एका डब्याच्या हुकमात. म्हणून नवऱ्याने वायरमनला बोलावून घेतलं आणि पर्याय विचारले.

“तसलाच एक डबा कपाटात ठेवून द्या. पहिला बिघडला की मी येऊन बदलीन,” वायरमन म्हणाला.

“तू येईस्तोवर मी काय करू? छत बघू?”

“मग भिंतीवर साधी बटणं बसवू.”

“ती दाबायची कुणी?”

“मी आहे की,” ती म्हणाली होती.

“तू दमतेस गं,” तो म्हणाला. तिसरा पर्याय त्याला पटला. दोन्ही डबे चालू ठेवायचे. दुसरा पहिल्याला दर दहा सेकंदांनी विचारणार, आहेस का? पहिला म्हणणार, आहे. उत्तर आलं नाही की दुसरा कारभार हातात घेणार.

“म्हणजे सवतच आणलीस की घरात!” नवरा हसला होता.

“सवत नाही काका, धाकटी जाऊ म्हणा. थोरली पडली तरच चुलीपाशी येणारी.”

वायरमनने मग तिच्यासमोर पहिल्या डब्याचा प्लग उपटून दाखवला. दुसऱ्याने लगेच पडदे ओढून घेतले. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आज तोच वायरमन रिकाम्या पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. मांडीवर लॅपटॉप होता. मुलगा दारात उभा होता, हाताची घडी घालून.

“तुम्ही दुसरा डबा जोडलाच नव्हता. सरळ कबूल करा.”

“जोडला होता, साहेब. ही नोंद बघा. दोन वाजून दहा मिनिटांनी पहिला अडकला. एसी थांबला, पडदे उघडेच राहिले, घंटाही मेली. पण पाच वाजेपर्यंत दुसऱ्याने हजार वेळा विचारलं आणि हजार वेळा पहिला म्हणाला, आहे. आहे म्हणणाऱ्याच्या हातातून काम काढून घ्यायचं नाही, अशीच त्याची रचना असते.”

“आणि तोवर उन्हाने खोलीची भट्टी झाली. बाबा त्यात होरपळले.”

वायरमनने लॅपटॉप मिटला. मग तो तिच्याकडे वळला. “काकू, घंटा मेली तरी काकांचा आवाज होता. त्यांनी हाक नाही मारली?”

“आईला मध्ये ओढू नका,” मुलगा कडाडला. “तिने सांगितलंय, बाबा झोपले होते. पलीकडच्या खोलीत होती ती. हाक आली असती तर गेली नसती?”

ती चादरीची सुरकुती काढत राहिली. सुरकुती केव्हाच गेली होती.

नऊ दिवसांत ती प्रार्थनेला बसली नव्हती. एरवी दुपारी तीनचा ठोका पडला की बसायची. ताप असो, पाहुणे असोत. मधे उठायचं नाही, अर्धवट सोडायचं नाही, असा तिचा चाळीस वर्षांचा नेम. दुःखात माणसाचे नेम सुटतात, असं मुलाने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मुलगा फोन घ्यायला आत गेला. वायरमनने पिशवी भरली. जिन्यापाशी तो आवाज खाली आणून म्हणाला, “काकू, अकराला आमच्या कचेरीत चौकशी आहे. साहेबांच्या तक्रारीवर मला काढतील. बावीस वर्षं झाली मला या कामात. उद्या कुणी म्हणेल, याच्यापायी माणूस गेला, तर कोण दारात उभं करील? मी नीट जोडलं होतं, एवढंच सांगाल? तुम्ही बघितलं होतंत.”

“जे झालं ते सांगेन.”

“शब्द?”

“शब्द.”

सव्वादहाला तिने तोंडावर पाणी मारलं, साडी नीट केली आणि चपला घातल्या. मुलगा बाहेर आला.

“कुठे निघालीस?”

“कचेरीत.”

“त्या माणसाची बाजू घ्यायला? बाबांचा जीव गेला, आई! तुला माहीत तरी काय आहे? तू काय सांगणार तिथे?”

तिने चौकटीला हात टेकला. आवाज नेहमीसारखाच, हळू.

“तुझे बाबा झोपले नव्हते. त्यांनी मला तीनदा हाक मारली. मी प्रार्थनेला बसले होते. तिन्ही वेळा मी म्हटलं, ‘आले.’”

तिने पदर खांद्यावर सारखा केला.

“चौथी हाक आली नाही तेव्हा मला बरं वाटलं रे. म्हटलं, लागला डोळा.”

निघताना ‘येते’ म्हणायची तिची सवय होती. आज काहीच न म्हणता ती जिना उतरू लागली.