अर्ध्या स्वराने खाली

"दोन्ही एकदम वाजव," ताई म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर दोन नादकाटे होते. एक धाकट्या भावाचा, एकवीस वर्षे त्याच्या खिशात राहून काळपटलेला. पियानो लावायला गेला की पहिली तार तो याच काट्याशी जुळवी. दुसरा तिने शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला. तिथे ती सहायक होती, आणि उपकरणांचे स्वभाव शिक्षकांपेक्षा तिला अधिक ठाऊक होते. दोन्ही काट्यांवर आकडा एकच कोरलेला होता.

भावाच्या अंगठ्याला पट्टी होती. काल एका सभागृहातल्या पियानोच्या तीन तारा त्याच्या हाताखाली लागोपाठ तुटल्या. त्याने त्या नको तितक्या ताणल्या, असे व्यवस्थापकाचे म्हणणे. पियानोच मुळात सुरात उतरलेला होता, असे त्याचे.

त्याने शाळेचा काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला.

"हाही उतरलाय. पोरं आपटत असतील."

"माझा काटा उतरला, तुझा उतरला, पियानो उतरला. नाचता येईना, अंगण वाकडं."

"माझ्या कानाला शिकवू नकोस, ताई."

"कानाला कोण शिकवतंय? दोन्ही वाजव."

त्याने दोन्ही काटे आपटून त्यांचे दांडे टेबलावर टेकवले. आवाज उठला, फुगला, ओसरला, पुन्हा फुगला. ताई मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होती. दोन सूर अगदी एक असतील तर आवाज सरळ विरत जातो. जरासा फरक असेल तर तो असा हेलकावतो, आणि हेलकावे मोजले की फरक मिळतो. सेकंदाला पाच. ऐकणाऱ्याची समजूत काहीही असो, हेलकावे तेवढेच राहतात.

ते त्यालाही ऐकू आले. त्याचे सारे काम त्यांच्यावरच चाले.

"म्हणजे एक खोटा आहे," तो म्हणाला. "तुझा."

ताईने पिशवीतून तिसरा काटा काढला. शाळेतलाच, पण दुसऱ्या पेटीतला. तिचे दोन तिने एकत्र वाजवले. आवाज न हलता सरळ गेला आणि विझला.

मग तिने भावाचा काटा खिडकीपाशी नेला. सगळे अंग काळपट. दोन्ही टोके मात्र नुकत्याच पाजळलेल्या सुरीसारखी लखलखत होती. त्यांवर कानशीचे आडवे ओरखडे होते.

"हे कधी केलंस?"

"महिना झाला. उतरला होता, म्हणून टोकं घासली. टोक हलकं झालं की सूर चढतो. तरी पुरता चढेना. मग काटा सोडला आणि नुसत्या कानानं लावायला लागलो."

घासलेले पोलाद परत येत नाही, हे दोघांनाही माहीत होते.

"एकवीस वर्षांत न उतरलेला काटा एका महिन्यात उतरला," ताई म्हणाली. "त्या महिन्यात घरात आणखी काय बदललं?"

गोळ्यांचे पाकीट मिठाच्या बरणीशेजारी, रोजच्या जागी होते.

पाच आठवड्यांपूर्वी तो गच्चीच्या कठड्यावरून हात पसरून चालत होता आणि आपल्याला वजन नाही, हे खालच्या माणसांना समजावून सांगत होता. खाली ताई होती. त्याआधीच दोन गोळ्या करून झाल्या होत्या: एकीने त्याचे हात कापू लागले, दुसरीने काहीच झाले नाही. महिन्यापूर्वी सुरू झालेल्या या गोळीने मात्र तो झोपू लागला, जेवू लागला, सुरू केलेले वाक्य पुरे करू लागला. गोळी मेंदूतल्या पेशींचा अनावर कल्लोळ दाबते. त्यात कल्लोळ कोणता आणि सूर कोणता, हे तिला कळत नाही. माहितीपत्रकात चक्कर, ग्लानी, अंगावर पुरळ हे सारे ठळक छापले होते. 'क्वचित, स्वर खालचा ऐकू येणे' हे शेवटून दुसऱ्या ओळीत होते. ती ओळ ताईने काल प्रयोगशाळेतले भिंग धरून वाचली होती. आज सकाळी डॉक्टरांनी फोनवर होकार भरला.

तिने हे सगळे त्याला चार वाक्यांत सांगितले.

"बहिरा झालो असतो तर बरं होतं," तो म्हणाला. "लोकांना सांगता तरी आलं असतं."

ताईने काटे पुसून पेटीत ठेवले. त्याचा बाहेरच राहिला.

"गोळी थांबवली तर?" त्याने विचारले.

"कान परत येईल."

"आणि?"

"बाकीचंही परत येईल."

त्याने आपला काटा उचलला, वाजवला नाही, नुसता बोटांत फिरवत राहिला.

"तुझाही उतरलाय."

"काय माझा?"

"आवाज. तू मला हाक मारतेस ती काळी चारला. लहानपणापासून. महिनाभर ती पांढरी पाचला ऐकू येतेय, अर्धा स्वर खाली. मला वाटलं, माझं करून करून थकलीस. म्हणून बोललो नाही."

ताईने पाकिटातून सकाळची गोळी काढून त्याच्यापुढे ठेवली. पाण्याचा पेला सरकवला. गाण्यातले तिला ओ की ठो कळत नव्हते. तिने घसा खाकरला, मान ताठ केली आणि नेहमीपेक्षा किंचित चढ्या आवाजात म्हणाली, "गोळी घे."

त्याने डोळे मिटले.

"अजून थोडं वर," तो म्हणाला.