न सुटणारा पाळणा

पेचकस पुन्हा घसरला आणि वैभवच्या अंगठ्यात रुतला. त्याने अंगठा तोंडात घातला आणि घड्याळाकडे पाहिलं. पूनमचा भाऊ तिला घेऊन पांढुर्ण्याहून कधीचाच निघाला होता. आता ती इथे, रामाकोन्याला, पोहोचलीच समजा. आणि पाळणा खोलीच्या मधोमध जसाच्या तसा उभा होता.

हे वैभवचं लाकडातलं पहिलं काम. सौंसरच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. हातोडीशी त्याचा संबंध कॅलेंडरच्या खिळ्यापुरता. पूनम बाळंतपणाला माहेरी गेली, घर खायला उठलं, आणि गुरुजींना सुतारकीचं वेड लागलं. जुन्या गोठ्याची सागवानी चौकट पडून होती. मोबाईलवर बघून बघून त्याने ती कापली. एकही सांधा धड बसेना. मग फटीत फेव्हिकॉल ओतला, वरून स्क्रू पिळले. कडी निसटली तर? म्हणून कड्यांची तोंडं ठोकून बंद केली. बाळ पडता कामा नये, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. काम पुरं झाल्यावर कळलं, की चौकट दारापेक्षा रुंद झाली आहे. तेव्हा तो एकटाच पोट धरून हसला होता. पूनमला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला तो बाळासकट चकित करणार होता.

त्याची मोठी बहीण मीनाताई गावातच दिलेली. तिने मात्र पाळणा पाहिला आणि कपाळाला हात लावला होता.

"बाळ घरात याच्या आंधी पायना नसते करत रे. अन् केलाच तर हालवू नोको. रिकामा पायना हालवत नाई."

"हे कोन्त्या पुस्तकात लिहिलं हाये, ताई?" असं म्हणून त्याने तिच्यादेखतच पाळण्याला झोका दिला होता.

पुढे पूनमला अवेळी कळा आल्या. नागपूरला नेलं. मुलगी झाली, काचेच्या पेटीत थोडी जगली आणि गेली. डॉक्टरांनी कारण नीट समजावून सांगितलं. विज्ञानाच्या मास्तरने ते मान हलवत ऐकलं, आणि त्यातल्या एका शब्दावरही त्याचा विश्वास बसला नाही. त्याला फक्त तो झोका दिसत होता.

"ताई, सुटत नाई व हे," तो आता शेजारी उभ्या असलेल्या मीनाताईला म्हणाला. स्क्रूच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. पटाशी मारली तर लाकूड चिरत होतं, फेव्हिकॉल सुटत नव्हता. ज्या सांध्यांचा भरवसा नव्हता, त्यातला एकही हलायला तयार नव्हता. तो उठला आणि मागच्या अंगणातून कुऱ्हाड घेऊन आला.

मीनाताई आडवी आली. "पायन्यावर कुऱ्हाड नोको चालवू, बाप्पा."

"मंग काय करू? तिले दिसन ना हे!"

मीनाताईने पेटीतून चादर काढली आणि पाळण्यावर टाकली. चादरीखाली पाळणा आणखीच पाळण्यासारखा दिसू लागला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

पूनम आत आली. माहेरच्यांनी राहा म्हटलं होतं, पण तिला आपल्या घरीच यायचं होतं. तिने वैभवकडे पाहिलं, त्याच्या रक्ताळलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि सरळ जाऊन चादर ओढली.

"तुमी केला?"

"सोडवून राहिलो होतो," वैभव म्हणाला. त्याला रडू आवरेना. "सुटला नाई. माह्यानं काईच होत नाई, पूनम."

तिने पाळण्याच्या आतून हात फिरवला. वैभवने आतली फळी इतकी घासली होती, की हाताला एक कुसळ लागलं नाही. बाहेरून पाळणा बैलगाडीसारखा ओबडधोबड, आत मात्र लोण्यासारखं काम. पूनम बराच वेळ तशीच हात फिरवत राहिली.

"दवाखान्याच्या कागदावर 'बेबी ऑफ पूनम' लिहिलं होतं," ती म्हणाली. "मातीत ठेवलं तवाबी पोरीले नाव नव्हतं. मी तिले आठवू तं काय म्हनून आठवू?"

ती मीनाताईकडे वळली.

"मीनाताई, वरवंटा आना."

मीनाताई चपापली. बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात, हे तिला काय कोणी सांगायला हवं होतं? पण मागून बाळ यायचं नसलं तर काय करायचं, याची रीत तिला ठाऊक नव्हती. कोणालाच नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली. तिने वरवंटा धुतला, पदराने पुसला. पूनमने पिशवीतून नवंकोरं दुपटं आणि टोपडं काढलं. दोघींनी मिळून वरवंट्याला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि पाळण्यात निजवलं. पाळण्याने त्या दगडाचा भार घेतला आणि तो जराही करकरला नाही.

"नाव आत्यानं सांगा लागते," पूनम म्हणाली.

मीनाताई वाकली. टोपड्याला तोंड लावून तिने कानात कुर्र केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सावनी." रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटा घालायला पूनमने हात उचलला. तो हात मीनाताईच्या पाठीवर नुसताच टेकला, आणि दोघी गदगदून रडू लागल्या.

वैभवने पाळण्याची दोरी धरली. धरली आणि थांबला. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"हालव ना," मीनाताई म्हणाली. "रिकामा थोडीच हाये."