दत्ताभाऊंची टू-स्ट्रोक

दत्ताभाऊ गेल्यापासून त्यांची जपानी इंजिनाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल कशेळ्यात घरामागे उभीच होती. त्यांच्या बायकोने, ललिताकाकूंनी, एका दुपारी मेकॅनिक नीलेशला बोलावलं.

"एकदा तिचा आवाज ऐकव रं."

नीलेशने पेट्रोल ओतलं. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली, निळा धूर अंगणभर पसरला. काकूंनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने नीलेशने चावी फिरवली. इंजिन चालूच राहिलं. शेवटी त्याने प्लगची वायर उपटली, तरीही.

"काकू, मागं सरा. ह्ये बरोबर नाय."

"ऱ्हाऊ दे रं. घरात दुसरं कोण बोलतंय?"

पदर खोचून काकू मागच्या सीटवर बसल्या. त्यांनी हात पुढे केला. तो हवेतच, खांद्याच्या उंचीवर टेकला.

खटकन गिअर पडला.